निवळशंख पाणी

आमच्या मागीलदारी, विहीर आणि पोफळींच्या मधल्या जागेत, एक हौद आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल. पाहुणे आले की चहा व्हायच्या आधीच तिकडे वळतात. मुलं काठावर पालथी पडून पाण्यात बोटं घालतात आणि मोठी माणसं ठरलेला प्रश्न विचारतात, ‘‘हे खायचे का हो?’’ रत्नागिरीतल्या घरात मासे दिसल्यावर हा प्रश्न वाजवीच आहे. आम्हीही बुधवार, शुक्रवार, रविवार न चुकता मासे खाणारी माणसं. पण हे खायचे नव्हेत. हे जपानी कोय. पांढऱ्यावर तांबडे, तांबड्यावर काळे, एखादा अस्सल हळदीच्या रंगाचा. आज हौदात नऊ आहेत. त्यातले चार जुने, पाच नंतर आणलेले. हा लेख लिहिते आहे तो त्या चारांमुळे, आणि खरं सांगायचं तर आज नसलेल्या सातांमुळे.

हौद आमच्या यांचा. नोकरी पाटबंधारे खात्यात. उभा जन्म कालवे आणि बंधाऱ्यांच्या फायलींत गेलेला, त्यामुळे पाणी अडवायची खोड अंगात मुरलेली. २००९ साली निवृत्त झाले. पुढच्या वर्षी पुण्याला धाकट्या दिरांकडे गेलो असताना सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर केलेलं. तिथल्या पाण्यात हे मासे सावकाश, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखे फिरत होते. हे काठावर बसले ते उठेनात. मी दोनदा ‘‘अहो, चला’’ म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं सोडून शेजारी बसले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मागीलदारी जांभा फोडायला गडी आले. हौद बांधून झाला तरी मासे काही येईनात. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, म्हणून दीड महिना नुसता हौद भरायचा आणि उपसायचा असा कार्यक्रम चालला होता. शेजारचे विचारायचे, ‘‘वहिनी, साहेबांचं काय चाललंय?’’ मी म्हणायची, ‘‘निवृत्ती चालली आहे.’’ शेवटी सहा पिल्लं आली. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, पुण्याहून रातराणीने, यांच्या मांडीवर बसून. पुढे ती अकरा झाली. त्यात एक पांढराशुभ्र, आणि डोक्यावर तेवढा तांबडा गोल. जपानी लोक त्याला टँचो म्हणतात. यांनी त्याचं नाव ठेवलं कलेक्टर, कारण डोक्यावर लाल दिवा.

हा मासा मुळात काही राजवाड्यातला नव्हे. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात त्या सायप्रिनसचाच, म्हणजे कॉमन कार्पचा, हा सख्खा भाऊबंद. जपानच्या निगाता भागात यामाकोशी म्हणून डोंगराळ खेडी आहेत. बर्फ फार पडतं. हिवाळ्यात पोटाला काही असावं म्हणून तिथले शेतकरी भाताच्या पाण्यात कार्प वाढवत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत एखाददुसरा रंगीत निपजू लागला, तो त्यांनी खाल्ला नाही, एवढीच या सगळ्या वैभवाची सुरुवात. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग त्यांचं नाव झालं. २००४ च्या ऑक्टोबरात तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा माणसांपाठोपाठ मासेही हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले होते. हे मला यांनी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

हौदाचं पाणी गाळायची व्यवस्थाही घरचीच. दोन निळी पिंपं. एकात मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्यांचे बोळे, दुसऱ्यात खडी. आणि खडीखाली, कांदे येतात त्या जाळीच्या पिशव्यांत, तिसऱ्यांच्या शिंपल्या. आमच्याकडे तिसऱ्या नेहमीच्या. कधी सुकं, कधी एकशिपी. जेवण झालं की हे ताटातल्या शिंपल्या गोळा करून धुऊन उन्हात घालायचे. मला वाटायचं, सरकारी नोकराची काटकसर. काही म्हणून टाकवत नाही. मी कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात अशा न विचारलेल्या गोष्टी पुष्कळ साठतात.

२०१७ च्या जानेवारीत हे गेले. दोन दिवसांत आटोपलं.

मे महिन्यात मुलं-सुना आल्या, घर आवरायला काढलं. कपाटं झाली, माळा झाला, आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून मी मागीलदारी वळले. पिंपं उघडली तर आत तपकिरी गाळ, आणि तळाच्या पिशव्या बुळबुळीत, वासट. मी त्या चारही पिशव्या ओढून काढल्या आणि माडाच्या अळ्यात नेऊन ओतल्या. खडी घासूनपुसून लख्ख केली. हौदाचं अर्धं पाणी काढून विहिरीचं ताजं भरलं. आठ दिवसांत पाणी असं झालं की तळाशी पडलेली सुपारी दिसावी. निवळशंख. यांच्या वेळी कधी एवढं स्वच्छ नव्हतं. मला बरं वाटलं. यांचं काही तरी आपण नीट सांभाळतो आहोत, असं वाटलं.

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. जुलैत तीन दिवस झड लागली ती थांबेना. चौथ्या दिवशी सकाळी दोन मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते. बाकीचे तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते, अंगावर पांढुरका बुळा, परांच्या शिरा लाल. पाणी मात्र आरशासारखं. मला वाटलं, पाणी खराब झालं असणार. कुठून काही पडलं असेल. पुन्हा विहिरीचं पाणी सोडलं. फरक नाही. शेजारच्या काकांनी जाणतेपणाने सांगितलं, ‘‘तळ्यात चुना टाकतात बघा.’’ आणि ते काही खोटं नव्हे, मत्स्यशेतीत तळं तयार करताना चुना टाकतातच. घरात सफेतीचा चुना होता. पाव किलो बादलीत कालवला आणि ओतला. संध्याकाळपर्यंत आणखी पाच गेले.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होता. त्याला निरोप धाडला. भर पावसात आला, पोतडीतून दोन-तीन बाटल्या काढल्या, काचेच्या नळीत पाणी घेतलं. ‘‘बाई, चुना घालायच्या आधीचं पाणी कुठे आहे?’’ सुदैवाने आदल्या दिवशी काढलेलं पाणी एका बादलीत तसंच होतं. त्यात त्याने एक थेंब टाकला. पाणी निळं होऊन मग हळूहळू पिवळं व्हायला हवं होतं. ते पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. ‘‘शून्य,’’ तो म्हणाला. मग जरा घुटमळून, ‘‘बाई, हे तुम्हीच शिकवलं होतंत. सुफेन आणि दुष्फेन.’’

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. साबणाचा फेस होतो ते सुफेन पाणी, होत नाही ते दुष्फेन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की पाणी दुष्फेन होतं. उकळल्यावर ज्याचा दोष जातो आणि भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ते तात्पुरतं, न जाणारं ते कायमचं. हे वाक्य मी झोपेत म्हणून दाखवीन. पण बघा, नावं दिली ती साबणाच्या बाजूने. ‘सु’ कोणतं आणि ‘दुस्’ कोणतं ते धोब्याने ठरवलं, माशाला कुणी विचारलं नाही.

माशाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अशी आहे. पाण्यात विरघळलेला तो तात्पुरता दोष, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम बायकार्बोनेट, हे पाण्याचं आम्ल गिळण्याचं सामर्थ्य असतं. हौदात आम्ल रोज तयार होतं. मासे खातात, त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. पिंपातल्या जाळीवर, खडीवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गाळ म्हणून मी जो घासून काढला तो बराचसा या जिवाणूंचाच संसार होता. हे काम करताना ते बायकार्बोनेट खातात. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे सात ग्रॅम, चुनखडीच्या हिशेबात. साठा असेतो सामू, म्हणजे पीएच, सातच्या वर स्थिर राहतो आणि वरून काही कळत नाही. साठा संपला की एका रात्रीत कोसळतो. बँकेतले पैसे संपेपर्यंत चेक वटत राहावेत, तसं. साठा आटत असताना पाण्याचा रंग, वास, चव काही बदलत नाही. उलट पाणी अधिकच स्वच्छ दिसू शकतं.

आता पावसाचं पाहू. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळपास नसतातच. आमच्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हौदाचा पृष्ठभाग सुमारे नऊ चौरस मीटर, म्हणजे चार महिन्यांत त्यात थेट आभाळातून सत्तावीस हजार लिटर पाणी पडतं. हौदाची धारणा अकरा हजार. शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात नऊशे लिटर येतं, तेवढंच काठावरून वाहून जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. मी त्या रात्री कागदावर गणित मांडलं. असं मिसळत-वाहत पावसाळा सरला की मूळ पाण्यातलं जेमतेम आठ-नऊ टक्के उरतं. आणि हे झालं फक्त आभाळातलं. पडवीच्या कौलांच्या पागोळ्या हौदाच्या एका कडेला पडत होत्या, त्या वेगळ्याच.

बरं, विहिरीचं पाणी घालून भरपाई होईल म्हणावं, तर आमची विहीर जांभ्यातली. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेला दगड. त्यातला चुना केव्हाच समुद्राला मिळाला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, म्हणून तर तो तांबडा. अशा दगडातून झिरपणारं पाणी सुफेन, किंचित आम्लधर्मी. डाळ छान शिजते, केस मऊ राहतात, चहाला रंग येतो. माशाला देण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. मी दोनदा विहिरीचं पाणी सोडलं ते गरिबाच्या घरी गरीब पाहुणा यावा तसं.

आणि चुना? सामू खाली असताना पाण्यातला अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपात असतो. साठा संपल्यावर जिवाणूंचं कामही मंदावलेलं, त्यामुळे तो साचत गेलेला, पण मुका. सामू एका अंकाने चढला की त्याचं विषारी रूप सुमारे दहापट होतं. सातला शंभरातला जेमतेम एक भाग विषारी, नऊला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. सफेतीच्या चुन्याने सामू काही मिनिटांत वर फेकला आणि सगळा मुका अमोनिया एकदम बोलू लागला. पहिले दोन मासे पावसाने नेले असं म्हणता येईल. पुढचे पाच मी मारले. विद्यार्थ्याने हे शब्द वापरले नाहीत, तो शहाणा मुलगा आहे. पण समीकरण त्यानेच लिहून दाखवलं होतं आणि मला समीकरण वाचता येतं.

उरलेले चार कसे वाचले? त्याने अर्धं पाणी काढलं, विहिरीचं पाणी उंचावरून धार धरून सोडलं, खाद्य पूर्ण बंद केलं. सामू उतरून स्थिरावल्यावर खाण्याचा सोडा. धुण्याचा नव्हे; तो फार तीव्र, चुन्याच्याच जातीचा. खाण्याचा सोडा कितीही घातला तरी सामू साधारण सव्वाआठ-साडेआठच्या पुढे नेत नाही, ही त्याची सज्जनता. हजार लिटरला तीस ग्रॅम घातला की थेंबांच्या परीक्षेत एक अंश चढतो. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे अठरा मिलिग्रॅम चुनखडीइतका साठा. माझ्या हौदाला एका अंशाला सुमारे ३३० ग्रॅम लागतो. तो एकदम न घालता सकाळ-संध्याकाळ शंभर शंभर ग्रॅम बादलीत विरघळवून. वाण्याने विचारलंसुद्धा, ‘‘बाई, भज्यांची ऑर्डर घेतली की काय?’’ आठवड्याने कलेक्टर पाण्यावर आला. त्याच वर्षी मे महिन्यापासून सरकारने खऱ्या गाड्यांवरचे लाल दिवे काढले होते. आमच्याकडचा तेवढा राहिला.

शिंपल्यांचं कोडं मात्र त्यानंतर सुटलं. गणपतीच्या आधी भिंतीवरचं आदल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. यांना पानामागे दुधाचे हिशेब आणि चौकटीत बारीक नोंदी करायची सवय. मेच्या अखेरच्या एका चौकटीत लिहिलं होतं, ‘ति. २ पि.’ ऑक्टोबरात पुन्हा तेच. मी ही अक्षरं कितीदा पाहिली असतील. तिकिटं वगैरे काही असेल समजून सोडून दिलेली. त्या दिवशी एकदम लागलं. तिसऱ्या, दोन पिशव्या. एक भर पावसाआधी, एक पावसानंतर.

तशीच उठले आणि माडाचं अळं उकरलं. शिंपल्या होत्या. नव्या होत्या त्या जाड, कडक. जुन्या मात्र अशा झिजलेल्या की बोटांत धरल्या तर पलीकडचा उजेड दिसावा. काहींचा दाबताच चुरा झाला. आयुष्यभर तिसऱ्या निवडल्या, इतकी पातळ शिंपली पाहिली नव्हती. गेलेला भाग कुठे गेला ते आता कळत होतं. शिंपली म्हणजे जवळपास निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की ती विरघळते आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट दोन्ही देते. पाणी सावरलं की विरघळणं आपोआप थांबतं. जास्त झाली म्हणून बिघडत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या कोकणात पूर्वी चुना भाजायचे तो याच शिंपल्यांचा. भट्टीत गेली की तीच शिंपली तडकफडक चुना होते. दोन्ही मी एकाच हौदावर वापरून पाहिलं, एक काढून आणि एक घालून. जपानी लोकही गाळणीत कालवांच्या शिंपल्या भरतात, हे पुढे वाचनात आलं. यांनी ते कुठे वाचलं होतं की पाटबंधारे खात्यातल्या अंदाजाने केलं होतं, हे विचारायला आता उशीर झाला होता.

तर आता माझी पद्धत सांगते, कारण ज्यांच्या घरी छोटामोठा हौद आहे ते वाचक पत्रातून हेच विचारतील. थेंबांची परीक्षा पेटी विकत मिळते. पावसाळ्यात दर तीन दिवसांनी, एरवी पंधरवड्याला मी पाणी तपासते. साठा पाच-सहा थेंबांवर असला की निश्चिंत. चारवर आला की सोडा विरघळवते. त्याच्या खाली जाऊ देत नाही. खाद्याचाही हिशेब आहे. मत्स्यशेतीवाल्यांचा ठोकताळा असा की किलोभर खाद्यामागे पाव किलोपर्यंत सोड्याएवढा साठा खर्ची पडतो. मासे मागतात म्हणून घालत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. (मासे नेहमीच मागतात. त्या बाबतीत ते नातवंडांसारखे.)

पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी पोफळींकडे वळवलं. जून ते सप्टेंबर अर्ध्या हौदावर तिरका पत्रा असतो. शेजारचे त्याला हौदाचं इरलं म्हणतात. पूर्ण झाकत नाही, कारण हवा आणि उजेड लागतो. उन्हाळ्यात उलटी गोष्ट. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. नुसती वरून भर घालत राहिलं तर ते साचत जातात. म्हणून तेव्हा भर घालण्याऐवजी आठवड्याला थोडं काढून थोडं घालावं.

सोडा साठा देतो, पण कॅल्शियम देत नाही आणि माशाला तेही हवं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातलं मीठ भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी आत घुसत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. बिचारा दिवसभर आलेलं पाणी बाहेर टाकतो आणि गेलेले क्षार परत ओढतो. पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांची वीण घट्ट ठेवतं, गळती कमी होते. दमलेल्या, आजारी माशाला हजार लिटरला एक ते तीन किलो खडेमीठ देतात ते याच कारणाने, की ओढाताण कमी व्हावी. पण मीठ उडून जात नाही, पाणी बदललं तरच जातं, म्हणून दर महिन्याला सवयीने टाकू नये. आणि नळाचं पाणी वापरणाऱ्यांनी आधी त्यातलं क्लोरीन घालवावं, एवढं सांगून पुढे जाते.

हे सगळं जसंच्या तसं सगळीकडे लागू नाही. माझी बहीण सांगलीला असते. तिच्या बोअरचं पाणी असं की गिझरची कॉइल दोन वर्षं टिकत नाही, नळाला पांढरी पुटं चढतात. तिने हौद केला तर तिला सोड्याची पुडी उघडावी लागणार नाही. कोयला जड पाणी सहज सोसतं. जाणकार तर म्हणतात की जड पाण्यात काळा रंग खुलतो आणि मऊ पाण्यात तांबडा. उलट पुण्याचा माझा पुतण्या. त्याने गच्चीत टाकी करून चार मासे घेतले आणि प्रेमापोटी त्यात घरच्या आरओचं पाणी भरायला निघाला. ‘‘काकू, आम्ही पितो तेच देतोय!’’ मी फोनवरच त्याला थांबवलं. आरओने क्षारच तर काढलेले असतात. माणूस कमतरता जेवणातून भरून काढतो, माशाचं घर, हवा आणि जेवणाचं ताट सगळं त्याच एका पाण्यात.

पाच नवे मासे २०१९ मध्ये आणले. त्या वर्षी पाऊस फारच झाला, साठा एकदा तीन थेंबांपर्यंत उतरला. रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, मी बादलीत सोडा ढवळत होते. कुणी पाहिलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणालं असतं. सकाळी नऊच्या नऊ फिरत होते. पाणी किंचित हिरवट, तळ दिसत नव्हता.

शिंपल्यांचा पुरवठा हीच आता खरी अडचण आहे. घरात खाणारं तोंड एकच. मासेवाली भाभी मेच्या शेवटी टोपली उतरवते आणि म्हणते, ‘‘बाई, एकट्या तुम्ही, चार वाटे तिसऱ्या कशाला?’’ मी चारही घेते. एकशिपी करून शेजारच्या तिन्ही घरांत डबे पाठवते. मंडळी आवडीने खातात. अट एवढीच घातली आहे की डबा परत येताना रिकामा यायचा नाही, शिंपल्या धुऊन त्यातच घालून पाठवायच्या. यंदा काकांकडचा डबा आला त्यात एकशे चौदा होत्या. मी मोजल्या.